लेकरं आणि हैदराबादचा डायनासोर

पोरी, सुट्टीत लेकरांना घेऊन हैदराबादला निघालीस, नौबत पहाडावरच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयातला कोटासॉरस डायनासोरचा सांगाडा दाखवणार म्हणतेस. फार बरं वाटलं. चार गोष्टी सांगते, तेवढ्या गाठीला बांध.

१. आदल्या रात्री लेकरांना स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर बसव नि सांग, हा दगड डायनासोरपेक्षाही जुना — भीमेकाठचा हा चुनखडक झाला तेव्हा हाडांचं जनावरच जगात नव्हतं.

२. बिदरच्या किल्ल्याचा लाल जांभ्यातला खंदक त्यांनी पाहिलाय. त्या जांभ्याखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि कोटासॉरस त्याच्याही दहा कोटींहून जास्त वर्षं आधीचा — पोरांना कोटी कळत नाहीत, आधी कोण नि मागून कोण हे मात्र पक्कं कळतं.

३. धपाटे नि शेंगाची चटणी आत जायच्या आधीच खाऊ घाल, पाणी पाज, शू करून आण — पोट बोलायला लागलं की डोळे बघायचे थांबतात.

४. आत गेल्यावर थेट सांगाड्यापाशी जा — ताजे डोळे थोरल्याला, उरले डोळे साऱ्याला.

५. फोटोची घाई नको गं. शेपटीच्या टोकापासून पावलं मोजत त्यांना बाजूनं चालव. मग विचार, हे सगळं एकाच जनावराचं असेल का? गोदावरीच्या खोऱ्यातल्या यमनपल्लीला डझनभर जनावरांची हाडं एकत्र मिसळून सापडली, आणि कवटी मिळालीच नाही, दोन दात तेवढे हाती लागले. १९८८ साली त्याला नाव मिळालं. डोकं कसं असेल ते आता लेकरांनाच सांगू दे — शास्त्रज्ञांनाही तिथं अंदाजच बांधावा लागला, म्हणून लेकरांचंही उत्तर चुकीचं ठरवू नको.

६. नकाशावर बोटानं नदी काढायला लाव. आपली मांजरा कंदकुर्तीला गोदावरीत मिळते, आणि त्याच गोदेच्या खोऱ्यात पुढं ही हाडं निघाली — मग ते जनावर परक्या मुलखातलं वाटत नाही.

७. धाकटं भ्यालं तर ओढत नेऊ नको, एकानं त्याला घेऊन लांबच थांबायचं — बळंच दाखवलेलं जनावर रात्री अंथरुणात येतं.

८. त्याच दिवशी सालारजंग नको, चारमिनारही नको. सालारजंगातलं तासाला ठोके देणारं ते घड्याळ पुढच्या खेपेला — दमलेल्या लेकरांना सगळ्या काचा सारख्याच दिसतात.

९. परतताना गाडीत ‘काय शिकलात’ म्हणून परीक्षा घेऊ नको. वही-पेन्सिल दे, शेपूट पानाबाहेर गेली तर दुसरं पान जोडून दे.

१०. आणि एवढा लांबचा प्रवास यंदा जमला नाही, तरी जीव बारीक करू नको. कलबुर्गीचं विज्ञान केंद्र १९८४ पासून आहे. आधी तिथंच एक सकाळ काढ — काचेला हात न लावता बघायची सवय लेकरांना जवळच्या जागीच लागते.