तिसऱ्या वर्षाचा फॉर्म

सातारा,
मंगळवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रागावला की मामा स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखा बोलू लागतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. ‘मामाने सांगितलं होतं’, ‘मामाला विचारतो कोण’ असं सुरू झालं की तू आणि दादू माळ्यावर पळायचात. तेव्हा हे पत्र कुठल्या सुरात आलंय, हे वेगळं सांगायला नको.

सोमवारी नलूमावशीचा फोन आला. ती मिरची घ्यायला लालबागला गेली होती. सकाळचे अकरा, म्हणजे भर कॉलेजची वेळ, आणि तू एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसलेली. पडद्यावर कुणा भाऊंचा वाढदिवस, मधोमध भाऊ गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. मावशीच्या बातमीत निम्मी फोडणी असते, म्हणून मामाने ते सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी दादूच्या तोंडून निघालं की तिसऱ्या वर्षाचा फॉर्म तू भरणारच नाहीस. ‘डिग्रीत आता काही राहिलं नाही, सॉफ्टवेअर येतंच, उरलेलं एआय करतं,’ हे तुझे शब्द म्हणे. ताईला यातलं काही माहीत नाही. परवाच ती शेजारच्या काकूंना तुझं पोस्टर मोबाइलवर दाखवत होती.

प्रश्न एकच आहे आणि तो या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे, वैतागू नकोस. फॉर्म भरणार आहेस की नाही?

तू काय उत्तर देशील हे मामाला पाठ आहे. तू कमल शेडग्यांचं नाव घेशील. अर्धशतकभर मराठी नाटकांची शीर्षकं त्यांच्या हातून उतरली. वर्तमानपत्रातली जाहिरात न वाचता, नुसत्या अक्षराच्या वळणावरून लोक नाटक ओळखायचे. २०२० साली ते गेले तेव्हा नाटकवाले आणि छापखानेवाले दोघेही हळहळले. त्यांच्याकडे कुठल्या कलाशाळेची पदवी होती? नव्हती. मग तू आर. के. लक्ष्मणांना पुढे करशील. त्यांना तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेशच नाकारला होता, आणि पुढे त्याच मुंबईत त्यांचा ‘कॉमन मॅन’ रोज सकाळी लाखो घरांत जायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मामा त्या नाकारणार नाही.

पण अर्धीच गोष्ट सांगू नकोस. शेडगे शिकले ते टाइम्सच्या कलाविभागात. एका मोठ्या वृत्तपत्राचा कलाविभाग म्हणजे आजूबाजूला मुरलेले चित्रकार, रोजची डेडलाइन आणि अक्षर बिघडलं की तोंडावर सांगणारी माणसं. ते कॉलेजच होतं, फक्त फी उलट्या बाजूने मिळत होती. लक्ष्मणांनीही जे. जे.ने दार लावलं म्हणून शिक्षण सोडलं नाही. म्हैसूरला जाऊन बी. ए. केलं आणि सोबत चित्रं काढत राहिले. तसे कलाविभाग आता किती उरलेत? त्या लालबागच्या दुकानात तुझ्या शेजारी कोण बसतं मनू? मालक बसतो, आणि तो एवढंच विचारतो की साताठ फुटांचा बोर्ड किती वाजता मिळेल.

फ्लेक्सवाल्यांना मामा नावं ठेवत नाही. ज्याच्या स्वतःच्या छापखान्यात लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची कार्डं आणि पतसंस्थेचे अहवाल छापले जातात त्याने नाक कशाला मुरडावं! तक्रार दुसरीच आहे. तुझ्या दुकानातल्या त्या बोर्डाचा फोटो मावशीने पाठवलाय. त्यात ‘हार्दिक’मधला रफार ‘द’च्या डोक्यावर न बसता पुढे जाऊन पडलाय आणि ‘चिरंजीव’ची पहिली वेलांटी ‘च’च्या मागे जाऊन उभी आहे. हे का होतं हे तुला माहीत असायला हवं. फोटोशॉप असो की इलस्ट्रेटर, आत मजकूर जुळवणारं यंत्र वेगवेगळं असतं. भारतीय लिपींसाठीचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या रस्ता चुकतात. दुकानात हे कुणी शोधत बसत नाही. ‘भाऊंचा फोटो मोठा आलाय ना? मग चालतंय.’

त्या ‘चालतंय’चीच मामाला भीती वाटते.

तू पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा दिवाळीच्या कार्डाचं डिझाइन पाठवलं होतंस. पडद्यावर पोपटी रंग नुसता पेटलेला. छापून आलं तेव्हा शेवाळं झालं होतं आणि तू फोनवर रडलीस. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शायांनी, निळी, किरमिजी, पिवळी, काळी. त्या चौघींना जे जमत नाही ते चार रंगांच्या छपाईत येत नाही. हे तुला त्या आठवड्यात जन्मभराचं कळलं. कार्ड वाया गेलं, पण गिऱ्हाईक नव्हतं, बिल नव्हतं, नुकसान मामाच्या शंभर कागदांचं. चुकण्याची एवढी स्वस्त सोय कॉलेजच्या चार वर्षांतच असते. दुकानात बसलीस की चूक टाळण्यासाठी कालचीच फाइल उघडून नाव बदलायचं, एवढंच शिकशील. ते तर दादूलाही येतं.

सॉफ्टवेअर येतं म्हणतेस. येतं, कबूल. पण तुझ्या आधीच्या लोकांनी या विषयात काय केलंय ते बघ. जे. जे.त कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला १९३५ साली, आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची वेगळी संस्था झाली. त्याच वर्षी अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. तिच्यामागे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवराबायकोचा १९५८ चा एक अहवाल होता. सरकारच्या बोलावण्यावरून दोघं भारतभर हिंडले, आणि सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं? आपल्या तांब्याचं. पाणी किती मावावं, भरलेला असताना कमरेवर की डोक्यावर तोल कसा राहावा, ओतताना धार कशी पडावी, आत हात घालून घासता येतो का, रिकामा असताना हाताला कसा लागतो, अशा प्रश्नांची त्यांनी माळच लावली. आजीच्या स्वयंपाकघरातला तांब्या तू हजारदा उचलला असशील. तो असा का आहे, हे विचारायला शिकवणं हेच त्या चार वर्षांचं काम. जाहिरातीची एजन्सी पगार देईल, दुकान रोजचे सुटे पैसे देईल; हा प्रश्न तुझ्याकडून कुणी घोटून घेणार नाही.

आर. के. जोशी जे. जे.त शिकले, जाहिरातीत नाव काढलं आणि पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवायला गेले. विंडोजमध्ये जो ‘मंगल’ फॉन्ट आहे, ज्यात सरकारी कचेऱ्यांतली पत्रं टाइप होतात, तो त्यांचा. गंमत बघ, हा माणूस मुळात बोरू आणि ब्रशवाला. अक्षर हाताला कळलेलं होतं म्हणून कॉम्प्युटरला शिकवता आलं. त्याच आयडीसीत तमिळ अक्षरांवर पीएच. डी. करणाऱ्या उदयकुमारांनी रुपयाचं चिन्ह काढलं. २०१० मध्ये ते देशाने घेतलं. ‘र’वर एक आडवी रेघ जास्त, बस. तीन हजारांवर नमुन्यांतून ते निवडलं गेलं. आणि ‘एक टाइप’ची मंडळी इथे मुंबईतच आहेत. त्यांचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ तू फुकट डाउनलोड करून वापरतेस, त्यामागे वर्षानुवर्षं काना-मात्रा घासत बसलेली माणसं आहेत. राज्य सरकारने २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला, तरी अर्ध्या महाराष्ट्राच्या बोर्डांवर हिंदी वळणाचाच ‘ल’ दिसतो. मराठी अक्षराला माणसांची किती गरज आहे! एआयने काढलेली देवनागरी मामाच्या टेबलावर हल्ली रोज येते. गिऱ्हाईक कौतुकाने मोबाइल पुढे करतं, आणि ‘शुभ’मधल्या ‘भ’ला भलतीच गाठ असते. ती ओळखायला डोळा लागतो. यंत्र उद्या सुधारेलही, पण बरोबर कुठलं हे सांगणारं कुणी नको का?

पैशाचं म्हणत असशील तर एका मुलीची गोष्ट ऐक. अमेरिकेत पोर्टलंड स्टेट विद्यापीठात कॅरोलिन डेव्हिडसन ग्राफिक डिझाइन शिकत होती. तिथे हिशेब शिकवणाऱ्या फिल नाइट नावाच्या मास्तराला बुटांच्या धंद्यासाठी एक खूण हवी होती. ताशी दोन डॉलरने तिने काम केलं आणि १९७१ मध्ये ३५ डॉलरचं बिल दिलं. ती खूण म्हणजे नायकीचं ते वळण. नाइटला ते तेव्हा फारसं आवडलंही नव्हतं. बारा वर्षांनी कंपनीने तिला हिऱ्याची अंगठी आणि शेअर दिले, ते लोक मिटक्या मारत सांगतात. मामाला त्यातली वेगळी गोष्ट आवडते: कामं चालू असतानाच तिने त्याच वर्षी पदवी पूर्ण केली. फावल्या वेळात बोर्ड कर, कोण नाही म्हणतंय? पण सकाळी अकराला?

आता मामाच्या स्वतःच्या इतिहासाकडे येऊ, जो घरात कुणी बोलत नाही. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तेव्हा दादांनी पेढे वाटले आणि मामाला पुण्याला कला महाविद्यालयात घातलं. तिथे एक सर होते. मुलांनी केलेलं लेटरिंग ते उलटं करून भिंतीला टेकवायचे. अक्षर वाचता येईनासं झालं की मधली मोकळी जागा दिसू लागते, कुठे दाटी झाली आणि कुठे भगदाड पडलं ते आपोआप कळतं. एकाही कामाला त्यांनी वर्षभरात ‘ठीक’ म्हटलं नाही. मे महिन्यात मामा घरी आला. लग्नसराई जोरात, खिळेजुळारी गावाला गेलेला, दादांची कंबर धरलेली. एवढा हंगाम काढतो आणि जातो, असं ठरलं. ट्रेडल मशीनवर रोज संध्याकाळी गल्ल्यात नोटा पडत होत्या आणि कुणी काम उलटं करून बघत नव्हतं. जूनमध्ये फॉर्मची तारीख गेली. पुढच्या वर्षीही गेली.

दादांनी थांबवलं नव्हतं, हे मुद्दाम लिहितोय मामा. उलट ते दोनदा विचारायला आले होते.

धंदा बरा चालला, घर झालं, तुझी मामी आली. रडगाणं नाही हे. पण अजूनही पत्रिकेचं प्रूफ मामा उलटं धरून बघतो, आणि जिथे भगदाड दिसतं तिथे काय करावं हे अर्ध्या वेळा कळत नाही. कारण ते दुसऱ्या वर्षाला शिकवणार होते.

एवढं लिहून झाल्यावर मामीने वाचलं आणि एकच विचारलं, ‘भाऊजींची कंपनी बंद झाल्यापासून पोरीने एकदा तरी पैसे मागितलेत का?’ मामा गप्प बसला. खरंच, मार्चपासून तू ताईकडे मागितले नाहीस, इकडेही नाही. हॉस्टेलचं भाडं, कागद, रंग, प्रिंटचे पैसे, तुमच्या सबमिशनला काय लागतं ते मामाला ठाऊक आहे. फोमबोर्डाची शीटसुद्धा आता स्वस्त राहिलेली नाही. डिग्रीत काही नाही, एआय येतंय, हे सगळं तू दादूला सांगितलंस, आणि खरं कारण हे असेल, तर मग मामानेच आधी फोन करायला हवा होता. वाढदिवसाचे बोर्ड करून कुणी स्वतःची फी उभी करत असेल तर त्यात लाज कसली? नलूमावशीला मामा तसं सांगेलही. फक्त ओझं एकटीने उचलू नकोस.

पुढच्या वर्षी तुमचं कॅम्पेन सुरू होईल ना? विषय अजून ठरला नसेल तर छापखान्यात दादांच्या वेळचे खिळे चार पेट्यांत पडून आहेत. मोडीत घालायचं म्हणून मामा दर दिवाळीला बाहेर काढतो आणि परत ठेवतो. त्यातला ‘ळ’ फार सुरेख आहे. येऊन बघ, हवे तर घेऊन जा. तुझं ते दिवाळीचं शेवाळी कार्डही मशीनच्या वर चिकटवलेलं आहे; गिऱ्हाइकं विचारतात, आणि मामा भाचीचं म्हणून सांगतो.

जेवण वेळेवर करत जा. रात्री दुकानातून उशिरा निघत असशील तर दादूला स्टेशनवर बोलावून घे, त्याला सांगून ठेवलंय. मामीने मेतकूट आणि लाडू दिलेत, दादू शनिवारी आणेल. डबा परत पाठव म्हणतेय ती.

तुझा,
मामा

ता. क. फीचे पैसे तुझ्या खात्यात टाकले आहेत. परत करायचे नाहीत. फॉर्म भरलास की आधी ताईला फोन कर, मग मामाला.