इंजिन चालते, पण चाके थांबतात
पॉवर टिलरमधील दोष शोधण्याची रीत

भिलाई येथे सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन १९५९ साली झाले. पोलादनगरीच्या या परिसरात कुरुद वसलेले आहे. परंतु भोवतालचा दुर्ग जिल्हा मूळचा धानाचा. पश्चिमेस गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत हाच धानपट्टा पसरला आहे. येथे चिखलणी व रोवणी यांचे दिवस मोजके असतात. बांधीत पाणी साचले असता पॉवर टिलर अडून बसला, तर रोपे जून होतात व पुढे उत्पन्न घटते. अशा वेळी दिसेल तो भाग खोलीत सुटण्यापेक्षा दोष क्रमाने शोधणे हिताचे होय.

शक्तीचा मार्ग

सामान्य पॉवर टिलरमध्ये डिझेल इंजिनाची शक्ती प्रथम रबरी पट्ट्यांवाटे क्लचच्या कप्पीकडे जाते. क्लचमधून ती गिअरपेटीत येते. तेथे तिला दोन वाटा फुटतात : एक चाकांकडे, दुसरी मागील फिरत्या पात्यांकडे. चाकांच्या वाटेवर डाव्या व उजव्या बाजूस वळणाचा एकेक लहान क्लच असतो. मुठीजवळील दांडी दाबली, की त्या बाजूच्या चाकाची शक्ती तुटते आणि यंत्र तिकडे वळते.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न : चाके फिरतात काय? ती चिखलात नुसतीच फिरत असतील, तर दोष यंत्रात नसून पकडीत आहे. रबरी चाकांच्या जागी लोखंडी पिंजऱ्याची चाके लावावी.

दुसरा प्रश्न : एकच चाक थांबले आहे, की दोन्ही? एकच थांबले असल्यास त्या बाजूच्या वळणाच्या क्लचची तार अडकली किंवा फार ताणली गेली आहे काय, ते पाहावे. चाकाची खीळ तुटली नाही ना, हेही तपासावे.

तिसरा प्रश्न : दोन्ही चाके थांबली असता पाती फिरतात काय? फिरत असल्यास पट्टे व मुख्य क्लच निर्दोष आहेत. दोष गिअरपेटीत, चाकांच्या वाटेवर आहे, व ते काम जाणत्या कारागिराचे. पातीही थांबली असल्यास पट्टे व क्लच यांकडे वळावे. ही परीक्षा पाती जमिनीपासून उचलून, माणसे दूर ठेवून, अनुभवी चालकानेच करावी.

पट्टा का घसरतो?

एका गुळगुळीत गोल दांड्यावरून दोरी टाकून एका टोकास वजन बांधावे. दुसरे टोक हाताने थोडे ताणून धरले, तर वजन पेलले जाते. ते सोडताच दोरी घसरते. दोरीचे वेढे वाढवले, तर धरण्यास कमी जोर लागतो. यावरून दिसते, की ढिल्या बाजूसही काही ताण असल्यावाचून घर्षण उपयोगी पडत नाही.

टिलरचा पट्टा पाचरीच्या आकाराचा असून तो तळाने नव्हे, तर दोन्ही कडांनी खोबणीत आवळून बसतो. खोबणीचा कोन सुमारे ३८ अंश धरल्यास सपाट पट्ट्याच्या मानाने पकड जवळजवळ तिप्पट होते. झिजलेला पट्टा खोबणीच्या तळास टेकला, की हा लाभ नाहीसा होतो. चकाकणाऱ्या कडा आणि जळक्या रबराचा वास ही घसरण्याची चिन्हे होत. इंजिन बंद करून पट्टा मधोमध बोटाने दाबावा. तो फार खाली जात असल्यास ताण वाढवावा. पट्टे बदलताना सर्व एकदम बदलावे; नवाजुना जोड असल्यास भार सारखा वाटला जात नाही.

पट्टे ठीक असल्यास क्लच पाहावा. त्याच्या दांडीस थोडी मोकळीक हवी. ती मुळीच नसेल, तर तबकड्या पूर्ण दाबल्या जात नाहीत. कोरड्या तबकड्यांवर तेल झिरपले असल्यासही त्या घसरतात.

हेच तत्त्व अन्यत्र

१८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने हिरवळ कापण्याचे यंत्र बनवले. ते हाताने ढकलावे लागे. आज उद्यानांतून दिसणाऱ्या बैठकीच्या यंत्रांतही शक्ती बहुधा पट्ट्यानेच चाकांच्या पेटीकडे जाते. काहींत तेलाच्या दाबाने चाके फिरतात व यंत्र हाताने ढकलता यावे म्हणून एक मोकळी करणारी दांडी असते. ती तशीच ओढलेली राहिल्यास, सर्व भाग निर्दोष असूनही यंत्र हलत नाही.

मार्गाच्या मध्यावर परीक्षा करून निर्दोष भाग वगळीत जाणे, ही या शोधाची गुरुकिल्ली होय. मात्र पट्ट्यास वा पात्यास हात लावण्यापूर्वी इंजिन बंद केलेच पाहिजे.

अभ्यासासाठी

१. पाती फिरतात व चाके फिरत नाहीत, तर कोणते भाग निर्दोष ठरतात? का?
२. पाचरीच्या पट्ट्यास तळाचा आधार का नसावा?