दुसऱ्या मेंबरशिपचा हिशेब

हॉलिडे क्लबवाल्यांना नव्या गिऱ्हाइकापेक्षा जुना सदस्य बरा वाटतो. त्याला रिसॉर्ट आवडलेलं असतं, पोरं तिथल्या पूलमधून बाहेर निघायला तयार नसतात आणि त्याची एक हमखास तक्रार असते: पाहिजे तेव्हा रूम मिळत नाही. ही तक्रार घेऊन गेलं की समोरचा माणूस मनापासून मान डोलावतो. मग त्याच दुखण्यावर औषध म्हणून आणखी एक मेंबरशिप पुढे करतो.

आमची पहिली मेंबरशिप मुलगा शाळेत असताना घेतलेली. स्टुडिओ अपार्टमेंट, पांढरा सीझन (क्लब वर्षाचे दिवस गर्दीनुसार रंगांत वाटतो), वर्षाला सात रात्री. तिच्याबद्दल माझी कुरकुर नाही. त्या निमित्ताने आम्ही कूर्ग पाहिलं, मुन्नार पाहिलं. नाहीतर ह्यांची सुट्टी दरवर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ यातच गेली असती. पण मुलाचं लग्न झालं, नातवंड आलं आणि स्टुडिओत कोणी कुठे झोपायचं हा प्रश्न उभा राहिला. नेमकं तेव्हाच हॉटेलातल्या जेवणाचं आमंत्रण आलं. जुन्या सदस्यांसाठी खास, पतिपत्नी दोघांनी येणं आवश्यक. दोघं का, ते तिथे गेल्यावर कळतं: “घरी विचारून सांगतो” ही पळवाट बंद करायला.

जेवण चांगलं होतं. त्यानंतर काका-काकू करत जो मुलगा आमच्यासमोर बसला तो आमच्या मुलाहून लहान असेल. त्याने किंमत सांगितली, ती खोडली, खालची सांगितली, मग मॅनेजर येऊन त्याहूनही खालची सांगून गेला. ही ऑफर फक्त आजपुरती. मी म्हटलं, करार घरी द्या, वाचून उद्या येते. तर म्हणे करार पेमेंटनंतर ई-मेलवर येतो. आम्ही उठलो. माझ्या मते या व्यवहारातली ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे. सहीआधी कराराची प्रत जो घरी देत नाही, त्याच्याशी भाव करण्यात वेळ घालवू नये. आपल्या देशात अशा मेंबरशिपसाठी, म्हणजे टाइमशेअरसाठी, वेगळा कायदा नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये घेतलेला टाइमशेअर दहा दिवसांत रद्द करण्याचा हक्क कायद्यानेच मिळतो, युरोपीय संघात तो चौदा दिवसांचा आहे. इथे असा अवधी करारात लिहिला असेल तरच तुमचा. आणि तो सहीपासून मोजायचा की पैसे जमा झाल्यापासून, हेही त्या करारातच असतं.

घरी येऊन मात्र आम्ही नीट बसलो. आपल्याला नक्की काय कमी पडतंय? दिवस, की खोल्या, की मोक्याची तारीख? या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि विकणारा त्या मुद्दाम एकत्र करतो.

दिवस आम्हाला कमी पडत नव्हतेच. आधीच्या वर्षांचे न वापरलेले पुढे ओढले होते, त्यातले काही मुदत संपून बुडालेही होते. ज्याचे पहिल्या मेंबरशिपचे दिवस बुडतात, त्याचे दुसरीचेही बुडणार. फरक एवढाच की आता दोन्हींची वार्षिक फी भरायची. गेलात तरी आणि न गेलात तरी. फी थकली की बुकिंग बंद होतं आणि व्याज चढत राहतं.

खोली कमी पडत होती हे खरं. पण वर्षातून एकदा सगळं घर एकत्र जातं, त्यासाठी दुसरी खोली रोखीने घेता येते. सदस्यांना सवलतीचा दर असतो का, जास्त दिवस वळते करून मोठं अपार्टमेंट मिळतं का, हे रिसेप्शनला फोन करून कळतं. बहीण किंवा दीर त्याच क्लबचे सदस्य असतील तर त्यांचे बुडणारे दिवस आपल्या नावाने बुक करता येतात का, तेही विचारावं.

राहिली तारीख. दिवाळीची सुट्टी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मे महिना. मे महिन्यात अर्धी मुंबई आणि पाऊण पुणं महाबळेश्वरला जाऊ बघतं. तिथे रिसॉर्टच्या खोल्या ठरलेल्या, आणि तुम्ही त्याच सीझनची, त्याच दर्जाची दुसरी मेंबरशिप घेतली तर त्याच रांगेत दोनदा उभे राहता. पुढे सरकत नाही. वरच्या रंगाची, म्हणजे लाल किंवा जांभळ्या सीझनची घेतली तर रांग बदलते, पण ती किती लांब आहे हे विकणारा सांगत नाही. ते स्वतः पाहावं. त्या सीझनचा सदस्य असलेला एखादा ओळखीचा गाठा आणि ज्या दिवशी दिवाळीचं बुकिंग उघडतं त्या दिवशी त्याच्या शेजारी बसून त्याच्या लॉगिनमध्ये तुमच्या तारखा मिळतात का बघा. ब्रोशरमधल्या शंभर रिसॉर्टपेक्षा ही दहा मिनिटं जास्त सांगून जातात.

मग पैसे. आकडे समजुतीपुरते घेते. चार लाखांची, पंचवीस वर्षांची मेंबरशिप आणि पहिल्या वर्षी २०,००० रुपये फी. हेच चार लाख ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला २८,००० व्याज येतं, ते बुडालं. म्हणजे पहिल्या वर्षीच सात रात्रींना ४८,००० रुपये, रात्रीला ६,८०० च्या पुढे. जेवण, प्रवास आणि जीएसटी वेगळा. सातपैकी चारच रात्री वापरल्या तर रात्रीचा दर १२,००० होतो. शिवाय बँकेतली मुद्दल शेवटी परत मिळते. इथे मेंबरशिप संपते तेव्हा हातात काही नसतं. फी दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत गेली तर पंचवीस वर्षांत नुसत्या फीचे जवळजवळ ११ लाख होतात. हॉटेलंही महागतील, हा विकणाऱ्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. पण हॉटेल महाग वाटलं तर त्या वर्षी घरी बसता येतं. म्हणून करारात फीवाढीला वरची मर्यादा आहे का, हे कलम किमतीच्या आधी वाचावं.

ईएमआयचंही तसंच. बऱ्याचदा कर्ज वेगळ्या फायनान्स कंपनीचं असतं. क्लबशी भांडण झालं म्हणून हप्ता थांबत नाही, आणि थांबवला तर सिबिल तुमचं बिघडतं.

शेवटी आम्ही दुसरी घेतली, पण कंपनीकडून नाही. ह्यांच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्यांची होती. वन बेडरूम, निळा सीझन, उरलेली वर्षं थोडी. मुलं परदेशी, त्यांना गुडघ्यांमुळे प्रवास नको झाला होता. निळा सीझन म्हणजे बहुतेक ठिकाणी पावसाळा, आणि निवृत्त माणसाला पावसाळ्यात महाबळेश्वरला जायला कोण अडवतंय? वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे. पॉइंट दिसत नाहीत, माणसंही दिसत नाहीत. आम्हाला तेच हवं होतं. ज्याला शाळेच्या सुट्टीलाच जायचंय त्याने मात्र निळ्याच्या स्वस्ताईकडे पाहूही नये.

ओळखीचा माणूस असला तरी आम्ही क्लबकडून लेखी पत्र मागवलं. त्यात थकलेल्या फीचे आणि व्याजाचे पैसे निघाले. ते स्वतः विसरूनच गेले होते. ती रक्कम ठरलेल्या किमतीतून वळती केली. ट्रान्सफर फी कोण भरणार, शिल्लक दिवस आपल्याकडे येतात की नाही आणि आरसीआयसारख्या एक्स्चेंजची (आपले दिवस दुसऱ्या क्लबच्या रिसॉर्टशी बदलून घेण्याची) सोय नव्या मालकाला राहते का, हे तीन प्रश्न त्याच पत्रात विचारून घेतले. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं, तेव्हा किंमत आणखी उतरली. पैसे दिले ते नाव बदलल्याची ई-मेल आल्यानंतर, चेकने.

एक धोका उलट्या बाजूने येतो. ‘तुमच्या जुन्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, एनओसीसाठी एवढे भरा, मग जीएसटीचे एवढे’ असे फोन येतात. बोलणाऱ्याकडे तुमचा मेंबरशिप नंबरही असतो, त्यामुळे विश्वास बसतो. जुनी विकून नवी घेऊ असं मनात असतं तेव्हा तर माणूस हमखास फसतो. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा दलाल दलाल नसतो. तसंच मेंबरशिपवर ठराविक परतावा देऊ म्हणणाऱ्यापासूनही सावध राहावं. मुंबईच्या रॉयल ट्विंकल स्टार क्लबची हॉलिडे योजना ही प्रत्यक्षात सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचं २०१५ मध्ये सेबीने ठरवलं. तोवर हजारो लोकांनी त्यात ठेव म्हणून पैसे घातले होते. सुट्टीच्या कागदावर व्याजाचा दर दिसला की तो कागद सुट्टीचा राहत नाही.

भांडायची वेळ आलीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, चेन्नईला किंवा दिल्लीला जावं लागत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत साधारणपणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. आयोगापुढे तोंडी आश्वासनं टिकत नाहीत, म्हणून ‘तुमचे दिवस भाड्याने देऊन पैसे मिळवून देऊ’ असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून तेवढंच वाक्य व्हॉट्सअॅपवर लिहून मागावं. बहुतेक वेळा ते येत नाही.

नॉमिनी म्हणून मुलाचं नाव घालायचं का, हे आम्ही त्यालाच विचारलं. तो म्हणाला, “आई, मी फोनवर हॉटेल बुक करतो, मला ही फी नको.” सूनही हसली. त्यामुळे उरलेली वर्षं थोडी असणं हे आमच्यासाठी सोयीचंच ठरलं. मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण होणार नाही, एवढं मात्र आम्ही क्लबकडून लेखी घेऊन फाईलला लावलं आहे.