वडीलधाऱ्यांसाठी निवास निवडताना

‘वृद्धाश्रम’ हा शब्द निघाला की आपल्या समाजात अद्याप माना खाली जातात. आई-वडिलांना दूर लोटणारी मुले असतात, हे खरे. तथापि पुष्कळ घरांतील अडचण निराळी आहे. बडोद्याच्या जुन्या घरात ऐंशी वर्षांची आई एकटी, मुलगा पुण्यास, मुलगी परदेशी आणि कामाची बाई संध्याकाळी निघून जाणारी. अशा वेळी चांगला निवास शोधणे म्हणजे कर्तव्य टाळणे नव्हे. तो घाईने शोधणे मात्र कर्तव्यात कसूर होय. म्हणून सभासद-कुटुंबांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट संमतीची. जावयाचे आहे आईला, तेव्हा जागाही तिनेच पाहावी. यात्रेच्या निमित्ताने नेऊन तेथे ठेवण्याचा प्रकार कोणी करू नये; तो विश्वास पुन्हा मिळत नाही. शक्य तर महिनाभर पाहुणी म्हणून राहू द्यावे आणि तोवर घर मोडू नये. ती ‘नको’ म्हणाली, तर घरीच रात्रीची सोबत मिळते का, ते पाहावे.

दुसरी गोष्ट गरजेची. स्वतःचे स्वतः करणारे, आंघोळ-औषधांस मदत लागणारे आणि अंथरुणास खिळलेले किंवा विस्मरण झालेले, असे ढोबळ तीन वर्ग होतात. पुष्कळ निवास पहिल्या वर्गातील माणसांनाच घेतात. ‘पुढे उठता येईनासे झाले तर काय?’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा व उत्तर लेखी घ्यावे.

तिसरी गोष्ट पाहणीची. एकदा कळवून जावे, एकदा न कळवता, तेही जेवणाच्या वेळी. न्हाणीघरात धरावयास दांडी आहे काय, फरशी निसरडी नाही ना, उंबरा अडखळवणारा नाही ना, खाटेशी घंटा आहे काय, हे पाहावे. म्हातारपणी एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि चालते माणूस कायमचे बसते. रात्री जागी माणसे किती असतात, औषधांची नोंदवही कोण ठेवतो, इस्पितळ किती दूर, हेही विचारावे. व्यवस्थापकांपेक्षा तेथे राहणाऱ्यांशी अधिक बोलावे.

आपल्यासारख्यांना भाषेचाही विचार हवा. जन्मभर उत्तम गुजराती बोललेल्या माणसाचे विस्मरण वाढले, की मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि मायबोली उरते. तेव्हा ‘पाणी दे’ हे मराठीत समजणारे एक तरी माणूस जवळ असावे. गोड डाळीऐवजी कधी आमटी मिळेल का, हा प्रश्नही क्षुल्लक मानू नये.

चौथी गोष्ट पैसा व कायदा. अनामत परत केव्हा मिळेल, दरवर्षी शुल्क किती वाढेल, औषधे व शुश्रूषा त्यात धरली आहे काय, हे करारात असावे. वडीलधाऱ्यांनीही जपावे: घर मुलांच्या नावे करावयाचेच, तर सांभाळण्याची अट दस्तातच लिहावी. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 अन्वये अशी अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून तो दस्त रद्द करून घेता येतो. त्याच कायद्याने निराधार पालकास मुलांकडून निर्वाह मागता येतो. अडल्यास 14567 ही ज्येष्ठांसाठीची विनामूल्य दूरध्वनी-सेवा आहे.

निवास ठरला म्हणजे मुलांचे काम संपले, असे मात्र नाही. शुल्क भरणे सोपे. ठरल्या वारी, ठरल्या वेळी दूरध्वनी करणे अवघड, आणि वाट त्याचीच पाहिली जाते. सणाला घरी आणावे, नातवंडांना भेटीस न्यावे. ज्यांची मुले दूर आहेत, त्यांच्याकडे आपल्यापैकी जवळ राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा डोकावले, तर ज्या खोलीत आज फक्त घड्याळ वाजते, तेथे माणसाचा आवाज ऐकू येईल. संस्थेच्या सभासदांस एवढे अवघड नाही, असे आम्हांस वाटते.