आपले वृत्तपत्र आपणच चालवावे
'मूकनायक' ते 'प्रबुद्ध भारत' : एक अभ्यास

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांची नावे आपल्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. त्यांनी काढलेल्या वृत्तपत्रांची नावेही परीक्षेपुरती पाठ असतात. परंतु ती वृत्तपत्रे चालली कशी, त्यांचा खर्च कोणी सोसला, मजकूर कोणी लिहिला आणि त्यांतील काही बंद का पडली, या प्रश्नांचा अभ्यास आपण फारसा करीत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील आपल्या समाजापुढे आज स्वतःच्या वार्तापत्राचा प्रश्न उभा असताना हा अभ्यास उपयोगी पडेल, असे आम्हास वाटते.

'मूकनायक' हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाले. राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पहिल्या अंकातील 'मनोगत' मात्र बाबासाहेबांचे आहे. हिंदू समाज हा जणू अनेक मजल्यांचा मनोरा असून एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास त्याला जिनाच नाही, हा विचार त्यांनी तेथे मांडला. या पत्राची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, ही हकीकत बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवली आहे. आपली बातमी दुसऱ्याच्या दारात उभी राहून मागावी लागते तोवर तिचे मोल दुसराच ठरवितो, हा त्यातला धडा आहे.

असे असले तरी 'मनोगता'त त्यांनी 'दीनमित्र'सारख्या पत्रांची आदराने नोंद घेतली. सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केलेले 'दीनमित्र' नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून पन्नासहून अधिक वर्षे चालविले. वृत्तपत्र शहरातूनच निघते, ही समजूत या एका उदाहरणाने खोटी ठरते.

१९२० च्या जुलैत बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. मागे वर्गणीदार अपुरे पडले, व्यवस्था विस्कळीत झाली आणि १९२३ साली 'मूकनायक' बंद पडला. भांडवल मिळाले, विचार मिळाला, पण रोजचे काम वाटून घेणारे हात पुरेसे मिळाले नाहीत, असेच याचे कारण आम्हास दिसते.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिल रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाला. सत्याग्रहींवर हल्ले झाले होते आणि घटनेची विपरीत वर्णने पसरत होती. अशा वेळी आपली बाजू आपल्या शब्दांत मांडणारे पत्र हवे होते. या पाक्षिकाचे चोवीस चोवीस रकाने संपादकालाच एकट्याने भरावे लागत. बाबासाहेब वकिली सांभाळून, कोणताही मोबदला न घेता हे काम करीत. १९२८ च्या आरंभी त्यांनी एका लेखातून वाचकांना विचारले, की 'बहिष्कृत भारता'चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय? लौकिक ऋण म्हणजे लोकांनी फेडावयाचे ऋण. जो लिहितो तो श्रम देतो, म्हणून जो वाचतो त्याने वर्गणी द्यावी, असा हा साधा हिशेब होता. तो पुरेसा जुळला नाही आणि १९२९ च्या नोव्हेंबरात हे पत्रही थांबले.

२४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झालेली 'जनता' मात्र पाव शतक टिकली. देवराव नाईक, भा. र. कद्रेकर आदी सहकाऱ्यांनी संपादनाचा भार उचलला, पत्राला स्वतःचे मुद्रणालय लाभले आणि गावोगावच्या चळवळीच्या वार्ता तीत येऊ लागल्या. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी नागपूरची धम्मदीक्षा झाली. 'मूक', 'बहिष्कृत', 'समता', 'जनता', 'प्रबुद्ध' ही नावे क्रमाने वाचली तरी समाजाच्या आत्मभानाचा प्रवास ध्यानात येतो.

आता आपल्या परिसराकडे पाहू. नीरेच्या कालव्यावरील बागायत, सुपे-मोरगावकडील जिरायत, उजनीच्या फुगवट्यामुळे उठून पुन्हा वसलेली पळसदेवसारखी गावे, हे सर्व दोन तालुक्यांत सामावले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलांची शाळा, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, वस्तीवरील पाण्याची पाळी, वृद्धांच्या स्मरणातील चळवळीचा इतिहास, या गोष्टी मोठ्या दैनिकांत क्वचितच येतात. भ्रमणध्वनीवर त्या क्षणभर दिसतात आणि दुसऱ्या दिवशी सापडत नाहीत. वृद्ध माणूस गेला, की त्याच्या आठवणीही जातात.

म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक विहारात दर पौर्णिमेला एक हस्तलिखित भित्तिपत्रक लागावे. लेखन, तपासणी, हिशेब आणि जतन ही चार कामे चौघांनी घ्यावीत व दरवर्षी ती पाळीने बदलावीत. म्हणजे एकावर चोवीस रकान्यांचा भार पडणार नाही. कोणतीही वार्ता दोघांकडून पडताळल्यावाचून आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून लावू नये. सम्यक वाचेचा अर्थ येथे प्रत्यक्ष आचरणात येतो. वर्गणी अल्प असावी, पण तिचा हिशेब अंकातच मांडावा. प्रत्येक अंकाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. 'मूकनायका'चे सर्व अंक आज मिळत नाहीत, हे स्मरणात ठेवावे. पुढे छापील नियतकालिक काढावयाचे झाल्यास २०२३ च्या कायद्यानुसार प्रेस रजिस्ट्रार जनरल यांच्याकडे नोंदणी करावी.

माजी विद्यार्थ्यांनी गावी परतताना लेखणी सोबत न्यावी आणि पालकांनी मुलांकडून अंक मोठ्याने वाचून घ्यावा. बाबासाहेबांनी विचारलेल्या ऋणाच्या प्रश्नाला कृतीने उत्तर देण्याचा हा एक मार्ग आहे.

चर्चेसाठी प्रश्न
१. 'मूकनायक' तीन वर्षांत थांबला आणि 'जनता' पाव शतक चालली. या फरकाची कारणे कोणती?
२. आपल्या वस्तीवरील कोणती वार्ता गेल्या वर्षभरात कोठेही नोंदली गेली नाही? ती कोणी लिहावी?
३. वाचकावर वृत्तपत्राचे ऋण असते, तसे वृत्तपत्रावर वाचकाचे कोणते ऋण असते?