मुका टॅपेट

इंजिनाचा आवाज बंद करायला मी पैसे मोजले होते. आवाज बंद झाला, आणि दोन महिन्यांनी ट्रॅक्टरही.

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षाच्या ओळींतून जाणारे छोटे ट्रॅक्टर घरोघर दिसतात. माझाही त्यातलाच: तीन सिलिंडर, साडेअठरा हॉर्सपॉवर, सेकंडहँड घेतलेला. ऑक्टोबर छाटणी झाली की त्याच्यामागे फवारणीचा ब्लोअर लागतो, आणि आभाळ भरलं की डाऊनी रोगाच्या धास्तीने रात्रीसुद्धा बाहेर काढावा लागतो. बंद पडायला त्याला वर्षातले बाकीचे महिने मोकळे होते. तो पडला ऐन फुलोऱ्यात.

सप्टेंबरात वरच्या झाकणातून टिक-टिक ऐकू येऊ लागली होती. गावात एका कामाला आलेल्या मेकॅनिकला थांबवलं. त्याने झाकण उघडलं, इंजिन चालूच ठेवलं आणि जो टॅपेट वाजतो तो पान्याने आवळत नेला. आवाज थांबला तिथे नट कसला. फट मोजायचा फिलर गेज त्याच्या हातात नव्हता, माझ्या घरात नव्हता.

"दादा, आवाज गेला ना? मग झालं."

मलाही झालं असंच वाटलं. इंजिन शिलाई मशिनसारखं चालत होतं.

नंतर जे झालं ते इतकं हळूहळू झालं, की त्याचा या कामाशी संबंध जोडायला मला वेळ लागला. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागायचा. हिटर दुप्पट वेळ धरायचो. चालू झाल्यावर पाच मिनिटं पांढरा धूर, मग मिसिंग. गरम झाल्यावर बरं वाटायचं, पण ब्लोअर जोडून चढाच्या ओळीत घातला की लोड घेईना, काळा धूर सोडायचा. सायलेन्सरपाशी कान नेला तर तालात एक 'फस्' ऐकू यायचं. हे 'फस्' त्या दिवसांत तीन जणांनी ऐकलं. मनावर एकानेही घेतलं नाही. त्यात मीही आलो.

मग सुरू झाली अंदाजाची दुरुस्ती. डिझेल फिल्टर बदलला. नोझल साफ करून आणले, पंप तपासायला पाठवला. फरक शून्य. शेवटी निदान आलं: रिंगा गेल्या, हाफ इंजिन करून टाका. मी होही म्हणणार होतो, पण बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि इंजिन आठवडाभर खोलून ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून हेडचंच काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे ट्रॅक्टर कसाबसा नेला.

चाचांनी आधी पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, "चालू कर." मग फडकं धरून एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा सैल केला. (उघड्या बोटाने हे करू नये, दाबातलं डिझेल कातडीत घुसतं.) पहिला सैल केला, इंजिन अडखळलं. दुसऱ्यालाही तेच. तिसरा सैल केला तर इंजिनाला पत्ताच नाही. म्हणजे तिसरा आधीच मेलेला. मग तिसऱ्याचा नोझल पहिल्यात, पहिल्याचा तिसऱ्यात. पुन्हा तपासलं, तरी मेलेला तिसराच. नोझल निर्दोष ठरला. यात खर्च झाला नाही, वेळ गेला अर्धा तास. मी पंप-नोझलला दिलेल्या पैशांचा हिशेब तिथेच मनात केला आणि गप्प बसलो.

आता प्रश्न एवढाच होता, की दाब खाली रिंगांतून जातो की वर व्हॉल्व्हमधून. त्यासाठी चाचांची पद्धत मी डोळ्यांत भरून घेतली. तिसरा पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, तोही दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात त्या फेरीतला. ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून ब्रेक लावायचा, कारण हवा पिस्टनला खाली ढकलते. मग हिटरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर क्लीनरमधून हवा आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. आमच्या सायलेन्सरमधून वारा असा आला, की समोर धरलेला कागद फडफडला.

कॉम्प्रेसर नसेल तर कम्प्रेशन गेजने दाब मोजून, चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांकडे, तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर. पण डिझेल इंजिनात वर जागा फार थोडी असते. ऑइल जास्त झालं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चमचा म्हणजे चहाचाच चमचा.

हेड उतरल्यावर तिसरा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात आला. काठाला नखाएवढी खाच, उंदराने भाकरी कुरतडावी तशी. चाचांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "टॅपेट कुणी आवळला?"

गोष्ट साधी आहे, पण मला कुणी कधी सांगितली नव्हती. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून आगीसारखा वायू जातो. त्याची बहुतेक उष्णता हेडमध्ये उतरते ती तो सीटवर टेकलेला असतो तेवढ्या वेळातच. ब्लोअर चालवताना इंजिन २४०० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला वीस वेळा उघडतो आणि टेकतो. गरम झाला की तो लांबतो, म्हणून टॅपेटला फट ठेवलेली असते. फट मारून टाकली की तो पुरता टेकत नाही. टेकत नाही म्हणून निवत नाही, आणि सीटपाशी जी बारीक चीर राहते तिच्यातून वायू धातू कापत जातो. ढिला टॅपेट निदान ओरडतो. आवळलेला मुकाट जळतो. आणि वापराने व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो तशी टॅपेटची फट आपोआप कमीच होते, त्यामुळे जुन्या इंजिनाचा आवाज अचानक गोड झाला तरी गेज घालून पाहावा.

व्हॉल्व्ह नवा टाकला, सीट कापली, ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवला. पेस्ट गाइडमध्ये जाऊ द्यायची नाही, आणि शेवटी पुसून नव्हे, धुऊन काढायची. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलतो का, स्प्रिंगची उंची बाकीच्यांएवढी आहे का, हेडला बाक आलाय का, हे तेव्हाच पाहून घ्यावं. त्यासाठी हेड कुणी दुसऱ्यांदा उतरवत नाही. बसवण्याआधी चाचांनी हेड बाजूवर उभं करून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत सीटच्या कडेने एक थेंब आला नाही. तुम्ही कुठेही काम करून घ्या, ही परीक्षा समोर उभं राहून करायला लावा.

गॅस्केट नवंच घालावं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. पुशरॉड ज्याच्या त्याच जागी परत; पुठ्ठ्याला भोकं पाडून आकडे टाकले की झालं. माझ्या इंजिनाला थंड असताना ०.२५ मिलिमीटर फट लागते, गॅरेजच्या भाषेत दहा थाऊ. तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असेल, तो पुस्तकातूनच घ्या, शेजाऱ्याकडून नको. काही तास चालल्यावर मी टॅपेट पुन्हा मोजले. दोन बदललेले निघाले.

त्या हंगामात दोन फवारण्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने उशिरा झाल्या आणि खालच्या प्लॉटमधले घड डाऊनीने गेले. मेकॅनिकला दोष देऊन मोकळं होता आलं असतं, पण आवाज घालवून दे म्हणून सांगणारा मीच होतो.

तेव्हा छाटणीच्या पंधरा दिवस आधी, सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर टॅपेट मोजून घ्या. एकदा फवारणी सुरू झाली की झाकण उघडायला वेळ मिळत नाही.