‘डिसेग्रिगेट’ : एका क्रियापदाचा अर्थ

इंग्रजीच्या तासाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांविषयीच्या उताऱ्यात ‘डिसेग्रिगेट’ हे क्रियापद आले. सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला, ‘पृथक्करण नष्ट करणे’. तो वहीत उतरला, पण डोक्यात शिरला नाही. शब्द विचारावा असे घरी शिकलेले कोणी नाही. म्हणून ग्रंथालयात कोश काढून बसलो.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपातून वेगळे काढणे म्हणजे ‘सेग्रिगेट’ करणे. आधी लागलेला ‘डि’ ही क्रिया उलटी फिरवतो. हे क्रियापद सकर्मक असून त्याचे कर्म बहुधा माणूस नसते. शाळा, बस, सैन्य अशी जागा किंवा संस्था असते. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या ठेवलेल्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तरीही १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत नेण्यासाठी सैनिक पाठवावे लागले. म्हणूनच इंग्रजीत ‘इंटिग्रेट’ हा दुसरा शब्द लागतो. पहिला आडकाठी काढतो, दुसरा माणसे एकत्र आणतो.

मराठीत आपण ‘खुले करणे’ म्हणतो. अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली चळवळ झाली. डॉ. पंजाबराव देशमुख तीत पुढे होते, आणि नोव्हेंबरातील परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी खुल्या केल्या. परंतु ‘खुले केले’ म्हणताना, आधी बंद कोणी केले होते, हे झाकले जाते. इंग्रजी शब्दातला ‘डि’ मात्र ती आठवण ठेवतो.

माझी आजी अकोला जिल्ह्यातील आमच्या खेड्यात सून म्हणून आली, तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा होऊन दहा वर्षे लोटली होती. विहीर सर्वांची होती. तरी बाकीच्या बायांचे भरून होईपर्यंत ती घागर घेऊन बाजूला उभी राही. परवा मी तिला हा शब्द समजावून सांगितला. ती म्हणाली, “इहिरीचं झालं रे बाबू. पन मले कोनी म्हनलं नाही का, ये बाई, भर पानी.”

परीक्षेत या दोन क्रियापदांतील फरक विचारला, तर मी आजीचे हेच वाक्य उदाहरण म्हणून लिहीन.